तिसरी यादी लागेपर्यंत

१४ जानेवारी १९५१, पहाटे
आणि बाबा अजून तेच धरून बसलेत, की जमीन घ्यायला मीच सांगितलं. मी नव्हतं सांगितलं. अठ्ठेचाळीस साली नोटेचा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता, म्हणून लिहिलं होतं, पैसे पोचले की लगेच काहीतरी घ्या. काहीतरी. डुक्कर घेतलं असतं तर आज कोण विचारत होतं? यांनी पळून चाललेल्या सावकाराकडून स्वस्तात अकरा मू, म्हणजे पावणेदोन एकर, खाचर घेतलं.
आता नव्या सरकारची तुकडी गावात आलीय, जमिनी वाटायला. बहीण सिउयुन लिहिते, देवळाच्या भिंतीवर यादी लागते : कोण गरीब, कोण मध्यम, कोण श्रीमंत, कोण जमीनदार. तीनदा लागते. दोन याद्यांवर हरकत घेता येते, तिसरी कायमची. पहिल्या यादीत बाबा श्रीमंत शेतकरी. का, तर गडी ठेवतात. मी इथे शांघायला डाइंगच्या कारखान्यात, मग लावणीला गडी नको?
काळजी नाही. राज्य आता कामगारांचं आहे, मीटिंगमध्ये रोज सांगतात. मी कामगार. एक पत्र टाकलं की काम झालं.

१६ जानेवारी
साक्षरता वर्गात सातशे अक्षरं झाली. हजार लागतात म्हणे. उरलेली तीनशे मोठ्या लोकांना लागत असतील.
सिउयुनचं म्हणणं, दादा, एवढंच लिही की बाबा स्वतः राबतात, गडी फक्त हंगामाला. झालं? कारखान्यातल्या माणसानं असं मिळमिळीत लिहायचं?

१७ जानेवारी, शिफ्टनंतर
लिहिलं. तीन पानं. सगळ्यात चांगलं वाक्य : 'मी पैसे पाठवू लागल्यापासून माझ्या वडिलांना चिखलात पाय घालावा लागलेला नाही.' स्वतःशीच दोनदा मोठ्यानं वाचलं. तसे बाबा रोज चिखलातच असतात. पण बाप राबतो असं कुठला चांगला मुलगा लिहील?
खोलीतल्या पानमामाला वाचून दाखवलं. तो बॉयलरवर असतो. म्हणाला, गाढवा, पूर्वी असं लिहिलं की मुलीवाले दारात यायचे, आता शिपाई येतील. जळतो.
सही : शांघायचा कामगार. पोस्टात टाकलं.

२९ जानेवारी
दुसरी यादी लागली. बाबा जमीनदार.
लिहिणाऱ्याचा हात घसरला असणार.

२९ जानेवारी, संध्याकाळी
नाही घसरला. सिउयुनचं पत्र पुन्हा वाचलं. तुकडीच्या प्रमुखानं माझं पत्र भर सभेत वाचलं. (म्हणजे अक्षर लागलं.) मग विचारलं, जो स्वतः राबत नाही, गड्याच्या घामावर जगतो, त्याला काय म्हणायचं? सभेनं सांगितलं काय म्हणायचं. मग बाबांना विचारलं, म्हातारबा, मुलगा खरं लिहितोय का? नुसते हात दाखवायचे होते. बाबांचे हात म्हणजे झाडाची साल. त्यांनी हात बाह्यांत घातले आणि म्हणाले, माझा मुलगा सरकारला खोटं लिहिणार नाही.
हे काय उत्तर झालं?
पानमामा म्हणाला, म्हातारा नाही म्हणाला असता तर सरकारशी खोटं बोलला म्हणून धरलं कुणाला असतं? मी म्हटलं, मामा, तुम्हाला राजकारण कळत नाही.

३० जानेवारी
ठरलं. रजा काढायची, गावी जायचं, तिसऱ्या यादीआधी सभेत उभं राहून सांगायचं की मी थापा मारल्या. फार तर काय होईल? उद्याच.

३१ जानेवारी
रजेच्या फॉर्मवर एक रकाना आहे : घरचा वर्ग. कोरा चालत नाही. घडी करून खिशात ठेवला.

२ फेब्रुवारी
फॉर्म खिशातच होता. शर्ट धुतला.

४ फेब्रुवारी
पत्रच बरं. 'मी खोटं लिहिलं.' ही सगळी अक्षरं येतात मला. पण तुकडी ते युनियनला कळवेल, युनियन फोरमनला. नोकरी गेली तर घरी पैसे कोण पाठवणार? शेवटी विचार बाबांचाच करायला हवा.
नववर्षाच्या सणाआधी यादी लागत नाही. वेळ आहे.

१९ फेब्रुवारी
तिसरी लागली. तीच.
बाबांना ओट्यावर गुडघ्यांवर बसवलं, सकाळपासून दुपारपर्यंत. आमच्या गड्याला, दोउकाकाला, आरोप कर म्हणून पुढे ढकललं. तो म्हणाला, आमचा मालक माझ्याआधी खाचरात उतरायचा. त्याला खाली बसवलं.

२० फेब्रुवारी
ते तीन पानी पत्र खिशातच ठेवलं असतं तर बरं झालं असतं, रजेच्या फॉर्मसारखं.

२३ फेब्रुवारी
घर वाटलं गेलं. बाबा आणि सिउयुन रेड्याच्या गोठ्यात. बाबांच्या गुडघ्यांची सूज उतरत नाही, रात्री थंडीनं दात वाजतात. सिउयुनचं पत्र दोनच ओळींचं. एक रजई आणि गुडघ्यांना लावायचा लेप, एवढंच मागितलंय.
मनीऑर्डरवर पाठवणारा म्हणून पानमामाचं नाव घातलं. त्यानं विचारलंही नाही, फॉर्म पुढे ओढून अंगठा उठवला. माझ्या नावानं जमीनदाराच्या घरी पैसे गेले तर चौकशी होईल. पुढच्या पगाराला जास्त पाठवीन. रजई लाख युआनच्या आत येत नाही. पाठवतोय साठ हजार.