अमेरिकेचं मशीन, जपानची कॅसेट

काळाचौकी, मुंबई
२० जून २०२४

चि. सौ. रुपाली हिस,
अ. उ. आ.

तुझं पार्सल पोचलं. हिरवा चहा कुणी प्यायचा ते मात्र अजून ठरलेलं नाही. शेजारच्या कमलाबाईंना एक कप दिला, तर त्यांनी विचारलं, हा काढा कसला आणि आजारी कोण.

तू विचारतेस, फोन सोडून पत्र का. अगं, एका खोलीत तुझ्या दादाबद्दल त्यांच्याच समोर फोनवर काय बोलू? जानेवारीत झटका आला तेव्हापासून त्यांना ऐकू येतं, समजतं सगळं, फक्त शब्द हरवलेत. पाण्याला चावी म्हणतात, चहाला चावी, मलाही चावीच. वाचायला घेतलं तर अक्षरं ओळखू येत नाहीत, मग पेपर भिरकावतात. चिंचपोकळीच्या दुकानात उभा जन्म लोकांचे टीव्ही दुरुस्त करण्यात गेला, आणि आता हे. तू व्हिडिओ कॉल करतेस तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, म्हणून ते उठून गॅलरीत जातात. तुझ्यावर राग नाही हो त्यांचा.

आता गंमत ऐक. त्यांचं ते जुनं गेमचं मशीन अमेरिकेचं, बोटीवरच्या एका गिऱ्हाइकाने दुकानात टाकून दिलेलं. आणि तू पाठवलीस जपानची कॅसेट. ती आत जाईचना. मी म्हटलं, झालं, रुपालीचे पैसे पाण्यात गेले. तर यांनी बॅटरी मारून खाचेत बघितलं. आत प्लास्टिकचे दोन दात होते, दुसऱ्या देशाची कॅसेट बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेले. उजवा हात अजून जड आहे, तरी डाव्या हातात कानस घेऊन बसले आणि दोन्ही दात घासून सपाट केले. कॅसेट बसली, टीव्हीवर चित्र आलं, आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मीच लाजले.

आता रोज दुपारी एक पोरगा होडीतून बेटाबेटांवर हिंडतो. सगळं लिहिलेलं जपानीत. विहिरीवर एक म्हातारी भेटते, ती दम न घेता बोलते. तिचं नाव मी कमलाबाई ठेवलंय. हे हसले गं, किती दिवसांनी.

लोभ आहेच, असले चहा पाठवून तो कमी करू नकोस.
तुझी,
सीमावहिनी


ओसाका
११ जुलै २०२४

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र दारातच उभी राहून वाचलं. दादा हसला हे तीनदा वाचलं. चहा राहू दे, पुढच्या वेळी बिस्किटं पाठवते.

एक आनंदाची बातमी. हाच गेम अमेरिकेच्या मशीनसाठी इंग्रजीतही निघाला होता. खूप शोधून ती कॅसेट मिळवली, सोबत पाठवतेय. ही खाचेत सरळ बसेल, काही घासायला नको. दादा दुकानात इंग्रजी मॅन्युअल घडाघडा वाचायचा. जपानी तुम्हां दोघांनाही कळत नाही, त्यात काय मजा? कोण काय बोलतंय ते समजलं तर त्याचे शब्द लवकर परत येतील असं मला वाटतं. आणि तुमची ती विहिरीवरची कमलाबाई एवढंच सांगते, की वारा पडल्याशिवाय होडी काढू नकोस. मी इंटरनेटवर बघितलं.

दादाला नमस्कार. लोभ असावा आणि पत्र मोठं असावं.
तुमची,
रुपाली


काळाचौकी
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रुपाली हिस,
अ. उ. आ.

कसं लिहू समजत नाही. इंग्रजी कॅसेट सरळ आत गेली. सुरुवातीलाच तिने नाव विचारलं. जपानीत हे कुठलीही चार चिन्हं दाबून पुढे जायचे. इथे सगळी ए बी सी डी समोर मांडलेली, आणि स्वतःचं नाव विनीत लिहायचं तर पहिलं अक्षरच सापडेना. बोट पुढे जाई, परत मागे येई. मी आपली मदतीला धावले, अहो ते व्ही, ते बघा व्ही, खालच्या ओळीत. त्यांनी रिमोट खाली ठेवला, प्लग खेचला आणि मशीन माळ्यावर टाकलं. तेव्हापासून हात लावलेला नाही.

जपानी कुणालाच कळत नव्हतं, मजा तीच होती गं. त्यात मी अडाणी, हेही अडाणी, कमलाबाई डोकावल्या तर त्याही अडाणी. हे चित्रावरून ओळखायचे आणि हाताने खुणा करून मला शिकवायचे. इंग्रजीने एकट्या त्यांना नापास केलं. यात तुझा दोष नाही, व्ही व्ही करून मीच ओरडले. डॉक्टरीणबाई म्हणतात, मन कशात तरी रमू दे, शब्द त्याच्या मागून येतात. आता ते रमायचं कशात? परत मशीन काढतील की नाही, हाच घोर लागलाय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतात.

माया कर आणि काळजी करू नकोस, ती मी करतेच आहे.
तुझी,
सीमावहिनी


ओसाका
२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

फार वाईट वाटलं. मला तरी हे कळायला हवं होतं. इथे पहिल्या वर्षी दुकानात मी चित्रं बघून सामान घ्यायचे. कुणी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने सांगितलं की घरी येऊन रडायचे.

आता काही पाठवत नाही. म्हातारी काय सांगते ते मी लिहिलं होतं, ते विसरा. तुम्ही दोघं ठरवाल तेच ती सांगते.

माझ्या चुकीसकट माझ्यावर लोभ असू द्या.
तुमची,
रुपाली


काळाचौकी
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. रुपाली हिस,
अ. उ. आ.

काल दसरा झाला. दरवर्षी हे दुकानातली हत्यारं आणून पूजा करतात. यंदा दुकान बंद, म्हणून मीच पाट मांडला. त्यावर पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि मीटर ठेवलं. हे खाटेवरून बघत होते. मग उठले, स्टूल ओढलं आणि माझा जीव टांगणीला लावून माळ्यावर हात घातला. मशीन काढलं, धोतराच्या फडक्याने पुसलं, जपानची कॅसेट त्यात बसवली आणि पक्कडीच्या शेजारी पाटावर ठेवलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, खाचेत काही पडू नये म्हणून हात आडवा धरला.

मला कुठला दम निघतोय. म्हटलं, लावूया का, आणि बटणाकडे हात नेला. त्यांनी मनगट धरलं आणि म्हणाले, आज नाय.

रुपाली, दोन्ही शब्द खरे, दोन्ही जागच्या जागी. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं, ते आनंदाच्या भरात मी विसरले आणि ते विसरले नाहीत. मी पदराने डोळे पुसले, तर कुंकू सगळं गालाला. कमलाबाई आल्या, त्यांना वाटलं आमचं भांडण झालं.

खरं सांगू, मी मुद्दाम परत बटणाकडे हात नेला. परत म्हणाले, आज नाय, आणि या खेपेला चांगलेच चिडून. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांचा ओरडा इतका गोड कधी लागला नव्हता. म्हणून तिसऱ्यांदाही नेला.

ओढ आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
सीमावहिनी