‘पेशंटले’

७ ऑगस्ट २००६, सोम.
रुग्णालयाने आम्हा विभागप्रमुखांसाठी कोच नेमलाय. क्रिकेटचा नव्हे, नेतृत्वाचा! पुण्याच्या बाई, महिन्यातून दोनदा. एकवीस वर्षं मेडिसिन केलं, आता मला हे शिकवणार. पहिलाच प्रश्न : "तुम्ही चुकलात असं हाताखालच्या कुणी शेवटचं कधी सांगितलं?" म्हटलं, चुकतो कुठे! बाई हसल्या नाहीत.

१० ऑगस्ट
खाट ९, पवनारचे आजोबा. परवा सल्फाची गोळी लिहिली मी. आज अंगभर पुरळ, ओठांवर फोड. गोळी बंद. वाचतील. त्यांची बायको : "त्या डॉक्टरीण बाईले सांगतलं होतं ना आमी, हे गोळी त्यायले चालत नाई म्हून."
म्हणजे भोयर, आमची निवासी डॉक्टर. केसपेपरवर तिने लिहिलंय. मी वाचलं नाही. राउंडला शेजारीच उभी होती.
केबिनमध्ये बोलावलं. "मला थांबवलं का नाहीस?" "सर, तुम्ही म्हणाला होतात, आधी मराठी शिकून ये, मग बोल."
म्हणालो होतो. जूनमध्ये. राउंडला तिच्या तोंडून ‘पेशंटला’ऐवजी ‘पेशंटले’ निघालं म्हणून. सगळे हसले. आधी मी.

११ ऑगस्ट
गावाकडून, अल्लीपूरहून, आईचा फोन. सवयीने दार लावून घेतलं. "काऊन रे, आवाज असा काऊन येऊन राह्यला?" "काई नाई वं माय, थकलो."
बायकोला, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून इतकी वर्षं दार लावतोय. नागपूरला कॉलेजात माझ्या ‘मले’वर पोरं हसली होती, तेव्हापासून. आणि तेच मी त्या पोरीला... लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२१ ऑगस्ट
कोचबाईंना सगळं सांगितलं. फोनचं सोडून. मग तेही. म्हणाल्या, "माफी केबिनमध्ये मागणार, की जिथे हसलात तिथे?" राग आला. केबिनचाच विचार करत होतो.

२३ ऑगस्ट
राउंड. इंटर्न, सिस्टर, सगळे हजर. म्हटलं, "भोयर, त्या दिवशी हासलो, चुकलं माह्यं. मी बी इकडचाच, अल्लीपूरचा. आता चुकलो त तोंडावर सांगजो मले."
कुणीतरी हसू दाबलं. दाबू दे.
भोयर म्हणाली, "ठीक आहे, सर." मग पुढची केस सांगितली. ‘रुग्णाला’, ‘त्यांना’, ‘नाही’. छापील, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी औषधं सांगितली, तिने लिहून घेतली.
"काही चुकतंय का माझं?"
"नाही, सर."
खरंच चुकत नव्हतं का, ते तिलाच ठाऊक. सगळी औषधं पुन्हा दोनदा तपासली.