घरकुलाचा फोटो

माय, तुले जयभीम.

मी नांदगाव पेठले मजेत हाओ. मिलमधलं काम जमून रायलं. जेवनाची काळजी करू नको.

घरकुलाचा इंजिनियर सोमवारी भिंतींचा फोटो काढाले येनार हाये. घर बाबाच्या नावावर, म्हनून फोटोत बाबाच उभे पाह्यजे. नाहीतर हप्ता अडते अन् छत राहून जाते. बाबा खाटेवरून उठत नाहीत, हे मी त्याले फोनवर लय सांगतलं. आयकत नाही मेला.

शेजारच्या संघपालदादाले बाबाले पाठीमांगून धराले सांगजो. बाबाले स्वेटर घालजो, हाडं दिसतीन. ताडपत्रीखाली लय खोकलतात काय?

फोटो झाला की लगेच निजवजो. अन् इंजिनियरले तो फोटो मले पाठवाले सांगजो. बाबाचा दुसरा फोटो आपल्यापाशी नाही.

तुही,
रश्मी