प्रत्येक गाईला दहा मिनिटं ब्रश

३ मार्च, सकाळी ७
दूध घटलंय, पण आजार नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं. गाई कंटाळल्यात म्हणे. दिवसभर बांधलेल्या, एकमेकींना चाटता येत नाही, अंग घासायला काही नाही. मी फक्त शेवटचं लिहून घेतलं. मुद्द्याचं तेवढंच होतं.

४ मार्च
फिरता ब्रश आणणार. बायको म्हणाली, आधी मोकळ्या सोडून बघू. मी म्हणालो, गाईंना शिस्त लागते. गोठा सासूबाईंचा, पण लग्नापासून कारभार माझा. त्यावर दोघींनी मिळून पंधरा दिवस दिले. दूध वाढलं नाही तर गोठा बायको बघणार, मी दूधविक्रीच्या काउंटरवर बसणार. कबूल! हरायचा प्रश्नच नाही.

८ मार्च
ब्रश बसवला. माहितीपत्रक उघडलंही नाही. स्टुलावर उभा राहून स्वतःची पाठ लावली आणि उंची ठरवली. काय सुख! भिंतीवर वेळापत्रक लावलं. थोरली गाय ८ ते ८.१०, मग बांडी, मग बाकीच्या.

९ मार्च
थोरलीला ब्रशखाली उभं केलं. ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, ब्रश तिच्या वीतभर वरून फिरतोय. असेल. तिने जरा ताठ उभं राहायला काय हरकत आहे?

१० मार्च
थोरली ब्रश सोडून बांडीची मान चाटायला जाते. वेळापत्रकात हे बसत नाही. दोघींमध्ये फळी ठोकली.

१४ मार्च
दूध आणखी घटलं. बदलाच्या काळात असं होतंच. बायको म्हणाली, पाच दिवस उरलेत. मोजता मलाही येतं.

१९ मार्च
दूध तेवढंच. मुदतवाढ मागितली. बायकोने दावी सोडली, फळी उखडली. सासूबाईंनी ब्रश खाली घेतला. मी निषेध नोंदवला. बायको म्हणाली, हळू बोला. बांडी डोळे मिटून मान पुढे करून उभी होती, थोरली चाटत होती. ब्रशपाशी तिघींची रांग. वेळापत्रकाशिवाय!

२७ मार्च
दूध वाढलं. माझ्या ब्रशचा परिणाम जरा उशिरा दिसला, इतकंच. बायको हसली. तिने मान्य केलं नाही.

२८ मार्च, संध्याकाळी ५
उद्या दहा वाजता डॉक्टर इतर गोठेवाल्यांना आमची पद्धत दाखवायला आणणार. माहिती बायको देणार. मी काउंटरवर. हरकत नाही, तिथल्या खिडकीतून गोठा दिसतो. प्रश्न आला की तिथूनच उत्तर देईन. दुपारपासून सासूबाई त्या खिडकीसमोर पेंडीची पोती रचताहेत. उद्या जरा मोठ्यानं बोलावं लागणार.