फॉर्मची मागची बाजू

३ जुलै

चि. धाकट्या मास्तरांस,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल, एक मी सोडून.

रुग्णालयाच्या धुलाईघराची चौदा वर्षं मी ‘तात्पुरती’ प्रमुख आहे. आता साहेब म्हणतात, कायम व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा द्या. वाक्यात गाळलेल्या जागी क्रियापदाचा योग्य काळ भरायचा. नापास झाले तर बाहेरचा माणूस येणार नि मी त्याच्या हाताखाली. चादरीवरच्या डागाला इंग्रजी कळतं का रे? डोकं नुसतं भणभणलंय. तू इंग्रजी शिकवतोस, काहीतरी सुचव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई

९ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव कळवळला. सातवीत सुटलेली शाळा, आता या वयात चारचौघांत हसं कशाला करून घेतेस? माझी दहावीची मुलंसुद्धा काळात गडबडतात. भाचीकडून तुमच्या कचेरीतला परीक्षेतून माघारीचा फॉर्म मागवून भरला आहे, सोबत जोडतो. फक्त सही कर आणि मोकळी हो.

लोभ आहेच, राग नसावा.
धाकटा

१४ जुलै

चि. मास्तरांस आशीर्वाद.

फॉर्म मिळाला. माझं नाव काय वळणदार काढलंयस! सही करणार नाही. माझी शाळा सुटली नव्हती, तुझी चालावी म्हणून मी सोडली होती. त्याचं मला दुःख नाही, पण हसण्याची भीती मला घालू नकोस.

पुस्तकातले नियम पाठ होईनात, म्हणून माझ्या पद्धतीने घेतलं. आमच्याकडे मळक्या चादरींची टोपली, मशीन आणि धुतलेल्यांची मांडणी. वाक्य आलं की विचारते, हे काम अजून टोपलीत, मशीनमध्ये, की मांडणीवर? मग क्रियापद लावते. बरोबरच्या बायका खिदळतात, खिदळू देत.

फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चाळीस वाक्यं सोडवली आहेत. तपास. लाल शाई वापरताना हात आखडता घेऊ नकोस. नापास झाले तर पुन्हा बसेन.

हट्टी असले तरी तुझीच,
ताई

१९ जुलै

ती. ताईस सा. न.

बत्तीस बरोबर. आठ चुका लाल केल्या आहेत, पुन्हा लिहून पाठव. बहुतेक मशीन आणि मांडणीच्या मधल्या आहेत, तिथे घाई करतेस.

नववी चूक पुढच्या बाजूला सापडली, माझ्या वळणदार अक्षरातली. तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आहे. परीक्षेच्या दिवशी रजा टाकून दाराशी उभा राहीन. कोणी हसलं तर गाठ माझ्याशी.

तुझ्यामुळे शिकलेला,
धाकटा