नाड्या जुळल्या

२ मार्च, सकाळ

आजपासून रोज लिहिणार. क्लायंटना मी रोजनिशी लिहायला लावतो आणि स्वतः कधी लिहीत नाही, हे बरं दिसत नाही.

संकल्प: समानुभूतीवरचा पेपर महिनाअखेर पूर्ण करणे. चहा कमी करणे. कशालाही न घाबरणे. (शेवटचा उगाच लिहिला. मी घाबरत नाहीच.)

पेपरचा विषय जबरदस्त आहे. समुपदेशकाला समोरच्याचं दुःख किती कळतं, हे आजवर कसं मोजतात? समुपदेशकालाच विचारतात. तो म्हणतो, पुष्कळ कळतं. झालं संशोधन. क्लायंटला विचारलं तर तो भिडेखातर गोड बोलतो. एवढं मोठं खिंडार उघडं पडलंय आणि कुणी आत शिरत नाही, म्हणून मी शिरणार. माझ्याकडे नाडी मोजणारे दोन चिमटे आहेत. एक क्लायंटच्या बोटाला, एक माझ्या. त्याची नाडी चढली की माझी चढली पाहिजे, ही झाली समानुभूती. मी शांत झालो की तो शांत झाला पाहिजे, हा झाला प्रभाव. यात थापा मारायला जागाच नाही.

४ मार्च

पहिला क्लायंट चिमटा लावून घ्यायला तयार झाला. त्यांचं नाव इथे लिहिता येत नाही, म्हणून लिफ्टवाले. चष्म्यांचं दुकान आहे. ते नुकतंच सहाव्या मजल्यावर हलवलं आणि गृहस्थांना लिफ्टची भीती. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकेल, दिवा जाईल, बाहेरून कुणीतरी ‘आलो आलो’ म्हणेल आणि कुणीच येणार नाही, असं त्यांना वाटतं. ते ‘आलो आलो’ त्यांनी अशा आवाजात म्हणून दाखवलं की माझी नाडी सरळ वर गेली. त्यांचीही. दोन्ही रेघा अगदी हातात हात घालून. मशीन खोटं बोलत नाही.

घरी जिन्याने चढलो. चार मजले. व्यायाम.

५ मार्च

रात्री जेवताना बायको म्हणाली की छातीत जी गाठ लागतेय तिचा तुकडा काढून तपासायला पाहिजे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी लगेच चमचा खाली ठेवला (पूर्ण लक्ष). म्हणालो की तुला थोडी काळजी वाटतेय असं मला ऐकू येतंय. ती हो म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. शांतता हे आमच्या धंद्यातलं मोठं हत्यार. बऱ्याच वेळाने ती उठली आणि ताटं उचलली. सेशन चांगलं झालं.

९ मार्च

ऑफिसच्या लिफ्टपाशी हाताला घाम. दारं उघडली, आतल्या दोघी सरकून जागा करू लागल्या. मी फोन आल्यासारखं केलं. नंतर जिना. पाय भरून आलेत, पण तब्येतीला उत्तम.

बायकोचा तुकडा काल काढला. सोबत तिची थोरली बहीण गेली होती, कारण माझं लिफ्टवाल्यांबरोबर सेशन होतं. सेशन हलवता आलं असतं म्हणा. पण डेटाची साखळी तुटते.

१२ मार्च

तुलनेसाठी घरचा नमुना हवा होता. बायकोला चिमटा लावला, मला लावला आणि समोरासमोर बसलो. तिला म्हटलं, मनात येईल ते बोल. ती म्हणाली की मनात एकच गोष्ट आहे आणि ती मला माहीत आहे. तिची नाडी धाडधाड पळत होती. आता बाई खुर्चीत नुसती बसलेली, ना धावपळ, ना जिना. म्हणजे चिमटा बिघडला. माझी मात्र ठणठणीत स्थिर. रीडिंग रद्द केलं.

नवा चिमटा मागवणे.

१६ मार्च

आकडेबाईंकडे गेलो. आमच्या केंद्राची सगळी आकडेमोड त्या करतात आणि दुसऱ्याचा आनंद त्यांना सहन होत नाही. रेघा बघून म्हणाल्या की चढताना आधी लिफ्टवाल्यांची नाडी चढते, मग तुमची. उतरतानाही आधी त्यांची उतरते, मग तुमची. मग प्रभाव कुणाचा कुणावर पडतोय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या पद्धतीत क्लायंट पुढे चालतो. त्यावर म्हणाल्या, नाडी समानुभूतीने चढते तशी निव्वळ भीतीनेही चढते, तुमच्या यंत्राला यातला फरक कसा कळणार?

बारीक मुद्दा आहे. ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या भागात एका ओळीत उरकून टाकता येईल.

१८ मार्च

यश! लिफ्टवाले स्वतःहून लिफ्टने दुकानात गेले, उतरले, मजा वाटली म्हणून परत गेले. मी विचारलं की माझं नेमकं कोणतं वाक्य उपयोगी पडलं. (पेपरमध्ये अवतरण म्हणून टाकायचं होतं.) ते जरा घुटमळले. मग म्हणाले की वाक्य असं आठवत नाही, पण लिफ्टचं नाव काढलं की तुमचा चेहरा पांढरा पडायचा. मग मलाच तुम्हाला धीर द्यावासा वाटायचा. तो देता देता माझी भीती कधी गेली, कळलं नाही.

ही प्रगत पद्धत आहे. नाव नंतर शोधतो.

जाताना ते म्हणाले, चला, बरोबर लिफ्टने खाली जाऊ. मी म्हटलं, टिपणं काढायचीत.

२० मार्च

रिपोर्ट परवा मिळणार. डॉक्टरीणबाई समोर बसवून सांगतात म्हणे, फोनवर सांगत नाहीत. फोनवर का सांगत नाहीत? सगळ्यांनाच समोर बसवत असतील. तशी पद्धत असेल.

बायकोने विचारलं, ताईला बोलावू का? मी म्हटलं, कशाला? घरात शिकलेला माणूस असताना? हे कामच आहे माझं. ती बरं म्हणाली. दोन वेळा म्हणाली.

उद्या तयारी करणार: खुर्ची कशी घ्यायची, हात कधी धरायचा, बातमी वाईट असेल तर पहिलं वाक्य काय. चांगली असेल तर काय, ते आपोआप सुचेल.

२१ मार्च

तयारी झाली नाही. दिवसभर चिमट्यांच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. सहा कप चहा.

२२ मार्च, संध्याकाळ

लिहून काढलं की सुटसुटीत होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. तर लिहितो.

डॉक्टरीणबाईंची खोली आठव्या मजल्यावर. लिफ्टपाशी गर्दी. बायकोला म्हटलं, तू हो पुढे, नंबर जाईल, मी जिन्याने आलोच. ती लिफ्टमध्ये शिरली. दारं मिटेपर्यंत माझ्याकडे बघत होती.

पाचव्या मजल्यापर्यंत गेलो. मग पायरीवर बसलो. छाती धडधडत होती, तोंड कोरडं पडलं होतं. दम लागला म्हणावं तर मी रोज चढतो. लिफ्टची भीती म्हणावी तर जिन्यात लिफ्ट नव्हती. मला वर जायचं नव्हतं, एवढंच. वर कुणीतरी काहीतरी सांगणार होतं आणि त्यानंतर ते खरं झालं असतं. मी भयंकर घाबरलो होतो. सफाईवाल्या मावशींनी माझ्या बाजूने पोछा मारला.

किती वेळ गेला माहीत नाही. वरून चपलांचा आवाज आला. बायको, खांद्याला पर्स, हातात फाईल. माझ्याशेजारी पायरीवर बसली. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली की हळूहळू श्वास घे, घाई नाही, आपल्याला कुठे जायचं नाहीये. बाटलीतलं पाणी पाजलं. मग माझा हात धरून एकेक मजला खाली आणलं, टॅक्सी केली, खिडकीकडची जागा मला दिली. घरी आल्यावर म्हणाली, जरा पड. मी पडलो. झोप लागली.

उठल्यावर खूप हलकं वाटलं. वास्तविक हा समानुभूतीचा आणि प्रभावाचा उत्कृष्ट नमुना आहे. चिमटे सोबत नेले असते तर पेपरमध्ये वापरता आला असता.

आत्ता हे लिहिताना लक्षात आलं. रिपोर्ट काय आला, हे मी विचारलंच नाही. पायरीवर नाही, टॅक्सीत नाही, घरी आल्यावर नाही. तीही बोलली नाही.

ती बाहेरच्या खोलीत ताईशी फोनवर बोलतेय. आवाज हळू आहे, पण दार उघडं आहे. लिहिणं थांबवलं तर शब्द ऐकू येतील. म्हणून अजून थोडं लिहितो. आज हवा बरी आहे. पेन नवीन आहे, छान चालतं. उद्यापासून चहा कमी