देवदूताचे पंख आणि पुढची खोली

मी, जयवंती श्रीपाद मुजुमदार, वय सत्त्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार देवास, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना लिहिते की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर नात उर्वी हिला. ती मराठी अडखळत वाचते, तरी तिने हे मृत्युपत्र हिंदीत करून घेऊ नये. माझे टोमणे हिंदीत मवाळ होतात.

२. धारजवळच्या बाग गावच्या ठसेछपाईच्या साड्या सून ऋजुता हिला. त्यांचे अभ्रे शिवू नयेत.

३. केकचा पत्र्याचा साचा उर्वीला. त्याची हकीकत अशी. लहानपणी आम्ही धारला होतो. शेजारी मानाजी मास्तर व वासंतीबाई हे ख्रिस्ती जोडपे. १९५७च्या नाताळात त्यांच्या अंगणात येशूजन्माचे नाटक झाले. मी नऊ वर्षांची, देवदूत. थोरला भाऊ भास्करदादा मेंढपाळ. मेंढी न मिळाल्याने त्याच्या हाती शेळी. माझे कागदी पंख गव्हाच्या खळीने चिकटवलेले. "भिऊ नका," एवढे म्हणते तोच सुटलेल्या शेळीने डावा पंख खाल्ला. मी किंचाळत गव्हाणीत पडले. आम्हांला ओढून न्यायला आलेले वडील, भैयासाहेब, डोळ्यांत पाणी येईतो हसले. ते हसतात हे आम्हांला तेव्हा कळले.

वासंतीबाईंनी केकची बशी पुढे केली. "यात अंडं आहे का?" वडिलांनी विचारले.

"दोन आहेत, भैयासाहेब," मास्तर म्हणाले.

"विचारायलाच नको होतं," म्हणत त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि घरी येऊन गार पाण्याने आंघोळ केली. पुढे दर पंचवीस डिसेंबरला ते दोनदा आंघोळ करीत. मास्तर बदली होऊन सतवास गावी गेले तेव्हा वासंतीबाईंनी साचा मला दिला.

४. भास्करदादास काहीही नाही. उर्वीच्या लग्नात भर मांडवात त्याने शेळीची नक्कल केली, वर शेळी त्याच्या हातून सुटली नाही, मी जयवंतीनेच सोडली, असे ठोकून दिले. सहा वर्षे आम्ही बोलत नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार बरा, असे वकील म्हणाले, म्हणून त्याला आज धारहून बोलावले आहे.

५. (आज दुपारी वाढवलेले.) कलम चार ऐकून दादाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "जयू, दोरी मीच सोडली होती. देवदूत मला व्हायचं होतं."

"मग अडुसष्ट वर्षं गप्प का होतास?"

"बाबा हसले ना! मग वाटलं, बरंच झालं की."

उर्वी म्हणाली, "आजी, अब तो छोड़ दो ना!"

सबब कलम चार रद्द. दादा धारला एकटा असतो. या घराची पुढची खोली तो हयात असेपर्यंत त्याची. त्याला गॅस पेटवू देऊ नये. माझ्याआधी तो गेल्यास हे कलम आपोआप रद्द होईल. परंतु मी वयाने मोठा, या सबबीवर त्याने तसे करू नये, अशी त्यास सक्त ताकीद आहे.

वाटा मिळाल्याने दादा साक्षीतून बाद. शेजारचे गणपतराव जेवण अर्धे टाकून आले, त्यांचे आभार.

(सही) जयवंती श्रीपाद मुजुमदार

साक्षीदार:
गणपतराव शितोळे (सही)
अशोक खासगीवाले, वकील (सही)

देवास, २२ डिसेंबर २०२५